ऊसतोडीचे पाच महिने: मुलांच्या वाट्याचं अन्न कुठे अडतं?

बालाघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथे जगातल्या भुकेवर चर्चा झाली. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं भुकेली होती, २७ कोटींच्या वर मुलं-मुली शाळेबाहेर आहेत, असे संयुक्त राष्ट्रांचे आकडे तिथे आले. त्याच चर्चेत एका सभासदाने लिहिलं की महाराष्ट्रात आता कुणी उपाशी राहत नाही. रेशन फुकट आहे, शाळेत जेवण आहे, अंगणवाडीत आहार आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही मी जिथे शिकवतो तिथली मुलं वर्षातले पाच महिने या तिन्हींच्या बाहेर असतात. ते कसं घडतं ते लिहायला हा वेगळा धागा काढतोय.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जि. प. शाळेवर शिक्षक आहे. इथली जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, कापूस, सोयाबीन जे काही पदरात पडतं ते दिवाळीपर्यंत. १९७२च्या दुष्काळानंतर इथली माणसं साखर कारखान्यांच्या वाटेला लागली ती आजतागायत. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं दरवर्षी तोडीला जातात असा अंदाज सांगितला जातो. काही कोल्हापूर, सांगली, सोलापूरला, काही थेट बेळगाव-बागलकोटला.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे हिशेबाला ती एक जोडी. मुकादम, म्हणजे तोडकऱ्यांची टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) देऊन ठेवतो. लग्न, दवाखाना, बी-भरण, जुनं देणं, यात ती बघता बघता संपते. मग हंगामभर तोड करून ती फेडायची. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक जोडपं दिवसाला दीड-दोन टन तोडतं. दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. हे पैसे हातात येत नाहीत, उचलीत वळते होतात. हातात येते ती आठवड्याची खर्ची, आणि तिच्यात किराणा बसवायचा. एक जण तापाने पडला की खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड उचलीवर चढतो. हंगाम संपताना फेड पुरी झाली नाही तर बाकी पुढच्या सालावर. त्यामुळे पुढच्या दसऱ्याला जायचं की नाही, हे त्या घराने ठरवायचं उरतच नाही.

आता मुलाच्या ताटाकडे या. अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव आहे ते गावात. शाळेच्या पटावर नाव आहे ते गावात. रेशनचं दुकान गावात. आणि पोरगं उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. बऱ्याच घरांत दिवसातलं डाळ असलेलं जेवण तेवढंच असतं. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होतं.

रेशनचं म्हणाल तर 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे धान्य कुठल्याही दुकानात मिळायला हवं. काहींना मिळतंही. पण दुकान फडापासून लांब. जायचं म्हणजे खाडा. कोयता मोडून दुकानाच्या रांगेत उभं राहणं परवडत नाही. शिवाय गावात म्हातारा-म्हातारी मागे राहिलेली असतात, कार्ड एकच असतं, सगळ्यांच्या वाट्याचं धान्य तीच उचलतात. त्यांनाही जगायचं असतं.

गेल्या हंगामात वर्गातली मुलं कुठे आहेत ते बघायला सांगली जिल्ह्यातल्या एका टोळीवर गेलो होतो. बायका पहाटे तीनला उठतात, चुलीवर भाकरी थापतात, पाचच्या आत फडात असतात. त्याच भाकऱ्या फडक्यात बांधून दुपारी बांधावर सोडायच्या, मिरचीच्या ठेच्याबरोबर. मोठी माणसं ती खाऊ शकतात. दीड-दोन वर्षांचं लेकरू गार झालेली कडक भाकरी आणि ठेचा काय खाणार? त्याला चहात बुडवलेलं बिस्किट मिळत होतं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. त्याला कडेवर घेऊन बसली होती माझ्या चौथीच्या वर्गातली मुलगी. गाडीत किती मोळ्या बसतात, एक मोळी किती किलोची, टन किती होतील, हे तिने मला तोंडी सांगितलं, एकदाही न अडखळता. तोच हिशेब वहीत भागाकार म्हणून मांडता येत नाही तिला. तो धडा डिसेंबरात असतो.

मुलगी बारा-तेराची झाली की आणखी एक काळजी. गावात एकटी ठेवायची कशी आणि फडावर न्यायची कशी? दोन्हींचं उत्तर बरीच घरं लग्नात शोधतात, कारण जोडपं झालं की कोयता पुरा होतो आणि उचलही पुरी मिळते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा २१.९. गर्भाशय काढलेल्या बायकांचा विषय तुम्ही २०१९ साली बातम्यांत वाचला असेल. जिल्ह्यात पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा नको आणि ओटीपोटाचं दुखणं उघड्यावर राहून वाढलेलं, ही कारणं त्या बायकाच सांगतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी तिशीच्या आत तिथवर पोचते.

माझं म्हणणं एवढंच आहे. अन्नाचे आणि शिक्षणाचे हक्क आपण गावाच्या रजिस्टरला बांधले आहेत. ते मुलाला बांधायला हवेत, म्हणजे मूल जाईल तिथे ते जातील. इथे कारखाना भागातले, आरोग्य खात्यातले, शेतकरी, सगळे वाचतात. तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा.

---

रेवाकाठ

फार महत्त्वाचं लिहिलंत सर. माझ्या लहानपणी साखरशाळांबद्दल, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावरच्या शाळांबद्दल, खूप ऐकलं होतं. त्यांचं काय झालं? आणि गावातच वसतिगृह काढून मुलांना मागे ठेवता येत नाही का?

---

बालाघाट

साखरशाळा नव्वदच्या दशकात मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या. काही संस्थांनी आणि कारखान्यांनी मनापासून चालवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि हळूहळू त्या कमी होत गेल्या. कायद्याचा आग्रह असा की प्रत्येक मूल नियमित शाळेत जावं, तात्पुरत्या छपरात नव्हे. आग्रह योग्यच आहे. पण नियमित शाळा तळापासून तीन-चार किलोमीटरवर, मधे उसाचा रस्ता आणि ट्रॅक्टरांची वर्दळ. मूल जाणार कसं आणि कुणाबरोबर?

वसतिगृहाचे दोन प्रकार आहेत. 'हंगामी वसतिगृह' नावाला वसतिगृह आहे. मुलं आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळ गावात ठरवून दिलेल्या ठिकाणी जेवतात. मुलांना गावात धरून ठेवणारी याच्याइतकी सोपी आणि स्वस्त सोय मी दुसरी पाहिली नाही. घोळ वेळेचा आहे. गाड्या दसऱ्याला हलतात आणि मंजुरीचं पत्र कधी कधी डिसेंबरात येतं. तोवर आई-बापांनी मूल गाडीत घातलेलं असतं. 'जेवायला नक्की मिळेल का गुरुजी?' असं विचारतात, आणि लेखी हातात काही नसताना मी हो कसं म्हणू?

दुसरा प्रकार संत भगवानबाबा वसतिगृहांचा. २०२१ साली ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली. जिथे सुरू झाली तिथे मोठ्या मुलामुलींना खरोखर आधार झाला. सहा वर्षांच्या आतल्या लेकरांचा प्रश्न मात्र कुठलंही वसतिगृह सोडवू शकत नाही. ती आईबरोबरच जाणार.

---

कोयत्याचा_पोर

गुरुजी, वाचून लई वेळ नुसता बसून राहिलो.

माझे आई-वडील चोवीस हंगाम गेले. मी आज पुण्यात नोकरीला आहे, बँकेत. लोक म्हणतात जिद्दीनं शिकला. जिद्द होती, नाही म्हणत नाही. पण मी शिकलो कारण आजी गावात राहिली आणि मला ठेवून घेतलं. आजीला एकच नातू सांभाळायला जमणार होता. मी आणि बहीण, दोघांत मला ठेवलं. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, हुशार म्हणाल तर माझ्यापेक्षा जास्त. ती फडावर गेली, धाकट्याला सांभाळायला. सहावीला नाव निघालं. सोळाव्या वर्षी लग्न. आता ती स्वतः कोयता धरते, आणि तिची थोरली मुलगी तिच्या धाकट्याला सांभाळते.

गावात राहणाऱ्यांनाही भूक असती हे लोकांना ठाऊक नसतं. आजीला कमी दिसायचं. पीठ संपलं की दळण आणायला कुणी नसायचं. मंग शेजारच्या काकू एक भाकरी द्यायच्या, आजी म्हणायची मला आज उपास आहे. पुष्कळ उपास करायची आजी. शाळेतली खिचडी मी अर्धी खाऊन अर्धी डब्यात घरी न्यायचो. गुरुजींना दिसायचं, ते वाढपी मावशीला सांगून मला दुसऱ्यांदा वाढायला लावायचे. त्या गुरुजींचे उपकार हायेत माझ्यावर.

हंगामी वसतिगृहाचं जेवण तेव्हा गावात असतं तर बहीण पण राहिली असती. आजीला दोन पोरं झोपवता आली असती, खाऊ घालता येत नव्हती.

---

रेवाकाठ

शेवटची ओळ वाचून पुढे काही लिहवत नाही. ताईंच्या मुलीसाठी काही करता येण्यासारखं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मनापासून सांगतेय.

---

तर्कसंगत

धागा चांगला आहे, भावनाही समजतात. पण काही अवघड प्रश्न विचारायला हवेत. उचल घेताना कुणी जबरदस्ती करत नाही. लाखभर रुपये उचलायचे, लग्नात उडवायचे आणि मग परिस्थितीला दोष द्यायचा, हे किती दिवस चालणार? तीन-तीन, चार-चार मुलं का? सरकारने सगळं फुकट दिल्यावर जबाबदारी कोण घेणार? शिक्षणाचं महत्त्व पालकांनाच नसेल तर योजना काय करणार?

---

बालाघाट

विचारलंत ते बरं केलंत, कारण हे प्रश्न पुष्कळांच्या मनात असतात.

उचल लग्नात जाते हे खरं आहे, आणि मला ते आवडत नाही. मी स्वतः गावात साध्या लग्नांसाठी बोलत असतो. पण उचलीचा मोठा भाग दवाखाना आणि जुनं देणं यात जातो. बँक या माणसाला उभं करत नाही, कारण गहाण ठेवायला काही नाही आणि सहा महिने पत्ता नाही. गावातला सावकार मुकादमापेक्षा महाग पडतो. एकरकमी पैसे देणारा मुकादमच एक उरतो, आणि परतफेड अंगमेहनतीने. दुसरीकडून साधं कर्ज मिळण्याची सोय असती आणि तरी त्यांनी उचलच घेतली असती, तर तुमचा मुद्दा मी मान्य केला असता.

मुलांच्या संख्येचा आणि मुलीच्या शाळेचा सरळ संबंध आहे. जगभर जिथे मुली दहावी-बारावीपर्यंत टिकल्या तिथे लग्नाचं वय वाढलं आणि मुलांची संख्या कमी झाली. सातवीत शाळा सुटलेल्या मुलीला तीन मुलं का म्हणून विचारायचं असेल तर ती सातवीत का सुटली हे आधी विचारावं लागेल.

आणि महत्त्व नसतं असं म्हणू नका. फडावरून फोन येतात मला, रात्री नऊ-साडेनवाला, अंगात त्राण नसताना. 'गुरुजी, पोरगी वाचती का हो, विसरली तर नाही?' असं आई विचारते. तिला स्वतःला वाचता येत नाही, म्हणून ती मला विचारते.

---

कोयत्याचा_पोर

@तर्कसंगत, रागानं लिहीत नाही. माझ्या वडिलांना सही येत नव्हती. तोडलेल्या उसाची पावती मुकादमाकडं. तो सांगंल तेवढे टन. मी आठवीत गेलो तेव्हा सुट्टीत पहिल्यांदा पावत्या जुळवून बघितल्या. त्या वर्षीपासून आमची बाकी कमी होत गेली. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

---

तर्कसंगत

पावत्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. कर्जाच्या पर्यायाबद्दल अजून वाचायला आवडेल. मुलांची संख्या हा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, पण मुलीच्या शाळेपासून सुरुवात करायला हवी हे पटतं.

---

बालवैद्य

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन-तीन गोष्टी. गुरुजींनी चहा-बिस्किटाचं लिहिलं ते वैद्यकीयदृष्ट्या फार गंभीर आहे. पोट भरल्यासारखं वाटतं, मूल रडत नाही, आईला काम करता येतं. पण त्यात प्रथिनं नगण्य, आणि चहा अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाऊ देत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता, २०१९-२१ला तो ६८.९ टक्क्यांवर गेला. वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुलं ३४.४ वरून ३५.२ टक्के. म्हणजे मधल्या वर्षांत आपण पुढे सरकलोच नाही.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण हजार दिवस. मेंदूची वाढ या काळात सर्वांत वेगाने होते. या काळात लोह आणि प्रथिनं कमी पडली तर पुढे मुलाचं लक्ष लागत नाही, लवकर दमतं, शिकवलेलं टिकत नाही. शिक्षक म्हणतात 'मंद आहे'. ऊसतोडीच्या घरात जन्मलेल्या मुलाच्या या हजार दिवसांत दोन, कधी तीन हंगाम येतात. पाच-पाच महिन्यांचे.

भुकेचा आणि कमाईचा संबंध नुसता तर्काचा नाही, तो मोजलेला आहे. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन गावांत लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, दोन गावांत नुसतं गोड पेय. ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शोधून काढली. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधी पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. मुलींच्या बाबतीत शाळा साधारण एका इयत्तेने जास्त झाली. हे सगळं एका वाटीभर पेजेमुळे, फक्त ती योग्य वयात मिळाली.

एक साधी पट्टी असते दंडाचा घेर मोजायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित, ताबडतोब उपचार हवेत. कुणालाही दहा मिनिटांत शिकता येतं. फडावर हे कुणी मोजतं का?

---

बालाघाट

डॉक्टर, लसीकरणाला आरोग्यसेविका तळावर येतात, बऱ्याच ठिकाणी नियमित येतात. दंड मोजलेला मी पाहिला नाही. ही पट्टी कुठे मिळते ते कृपया लिहा.

---

वारणाकाठ

मी ऊस पिकवणारा. आमच्याकडची बाजू पण मांडतो. दरवर्षी तोडकरी कमी पडतात. ऊस वाळायला लागला की शेतकऱ्याची झोप उडते. तोड मिळायला 'खुशाली' (वरचे पैसे) द्यावी लागते, वर जेवण, वर गाडी चिखलातून ओढायला ट्रॅक्टर. मुकादम लाखो रुपये उचलून गायब होतात आणि वाहतूकदार ट्रॅक्टर विकून मोकळा होतो, असं माझ्या भावकीतच झालंय. त्यामुळे शेतकरी आणि मजूर एकमेकांकडे संशयाने बघतात. मुकादमाला दोघांकडून मिळतं.

पण मुलांचं गुरुजी म्हणतात ते खरं आहे, डोळ्यांनी बघतो. फडाच्या कडेला साडीची झोळी बांधून तान्हं पोर ठेवलेलं असतं. उसात बिबट्या असतो, साप असतात, पाचट पेटवलं की आग पळते. भीती वाटते बघून.

एक अडचण सांगतो, जी धाग्यात आली नाही. बैलगाडीवाले कारखान्याजवळ तळ ठोकून हंगामभर एका जागी राहतात. त्यांच्यासाठी शाळा, अंगणवाडी जमू शकते. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या तशा नाहीत. तोडणीचा कार्यक्रम जसा लागेल तशा फिरतात. आज आमच्या शिवारात, पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात. आमच्या शाळेच्या हेडमास्तरीणबाईंनी गेल्या साली टोळीतली अकरा मुलं वर्गात घेतली, स्वतः जाऊन. जेवायची, बसायची, रमली होती. एका सोमवारी गेल्या तर तळावर नुसत्या चुली. बाई फार हळहळल्या.

हार्वेस्टर आला की प्रश्न मिटेल म्हणतात. मशीन कोटीच्या वर जातं आणि आमचे वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे. वळायलाच जागा नाही.

---

दूरदेशी

ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यात साखर उद्योगातच काम करतो म्हणून लिहितो. इथेही हजारो माणसं गरीब ईशान्य भागातून हंगामाला येऊन हाताने ऊस तोडायची. २००७ साली राज्य सरकार आणि कारखान्यांत ऊस पेटवणं टप्प्याटप्प्याने बंद करायचा करार झाला आणि त्यानंतर यंत्रं झपाट्याने आली. आता या राज्यात हाताने तोड जवळपास दिसत नाही.

तोडकऱ्यांची रोजी गेली, हे खरं. पण त्याआधीच, २००३ पासून, 'बोल्सा फामिलिया' योजना सुरू झाली होती. गरीब घरातल्या आईच्या खात्यावर दरमहा पैसे, आणि अट दोनच गोष्टींची: मुलं शाळेत हजर पाहिजेत आणि लसीकरण, तपासणी वेळेवर पाहिजे. कुटुंबाची नोंद देशाच्या एकाच यादीत असते. गाव बदललं तर नोंद नव्या गावच्या पालिकेत नेता येते. बोल्सा फामिलिया आणि शाळेतलं जेवण यांचा भुकेवर मोठा परिणाम झाला. २०१४ साली ब्राझील संयुक्त राष्ट्रांच्या भूक नकाशातून बाहेर पडला. मधल्या काळात धोरणं ढिली पडली, महासाथ आली आणि तो परत नकाशात आला. २०२५ साली पुन्हा बाहेर पडला. मला यातून दिसतं ते असं की भूक कमी होते तशी परतही येते, आणि फार लवकर येते.

आपल्याकडे यंत्रं यायच्या आधी ही तजवीज व्हायला हवी. नाहीतर ज्या दहा लाख माणसांबद्दल आपण बोलतोय, त्यांची रोजीही जाईल आणि मुलांच्या हातात शिक्षणही नसेल.

---

डहाणू_मेल

पालघर जिल्ह्यातून. जव्हार-मोखाड्यात भात कापून झालं की घरंच्या घरं जगायला जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर. होळीला परत येतात. इथेही आगाऊ पैसे, इथेही आठवड्याची खर्ची. उसाच्या जागी वीट घाला, बाकी चित्र तेच.

एक चांगली गोष्ट सांगते. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम चौरस जेवण आणि मुलांना अंडी मिळतात. ज्या बायका बाळंतपणापर्यंत गावात राहिल्या त्यांना याचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण भट्टीवर गेलेल्या बाईला ते जेवण नाही. गरोदरपणात विटा वाहते आणि जेवते भात आणि मिठाचं पाणी. सात महिन्यांची गरोदर बाई परत येते तेव्हा वजन वाढलेलं नसतं. ते बाळ दोन किलोच्या आत जन्मतं आणि मग सगळे धावतात. गुरुजींचं 'हक्क मुलाला बांधा' हे मला गरोदर आईपासून सुरू व्हावं असं वाटतं.

---

बालाघाट

@डहाणू_मेल, अगदी बरोबर. मी शाळेच्या बाजूने बघतो म्हणून सहा वर्षांपासून विचार करत होतो. डॉक्टर आणि तुम्ही दोघांनी मिळून तो मागे नेलात.

@वारणाकाठ, फिरत्या टोळीचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. मला वाटतं फिरत्या टोळीसाठी शाळेच्या दाखल्याच्या मागे लागून उपयोग नाही. मुलाकडे शिक्षण हमी कार्ड असेल तर ज्या शाळेजवळ टोळी असेल तिथे त्याला बसता आणि जेवता आलं पाहिजे, पंधरा दिवस का होईना. हे कार्ड गावातला मुख्याध्यापक देतो. अडतं कुठे, तर टोळी कुठल्या शिवारात चालली हे शाळेला कळत नाही. कारखान्याच्या गटऑफिसला ते आधी माहीत असतं, कारण तोडणीचा कार्यक्रम तेच लावतात. त्यांनी नुसती गावाची नावं त्या त्या शाळांना आणि अंगणवाड्यांना कळवली तरी हेडमास्तरीणबाई पुढच्या गावच्या बाईंना फोन करू शकतील. पैसा लागत नाही याला.

कारखान्यांकडून टनामागे ठरावीक रक्कम ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी घेतली जाते. तळावर एक बाई पगारी ठेवून पाळणाघर चालवायला ती वापरावी, अशी मागणी आम्ही काही शिक्षक मांडतोय. चौथीची मुलगी कडेवरचं लेकरू खाली ठेवू शकली तरच शाळेत येईल.

---

बालवैद्य

दंडाच्या पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे असतात. मिळाल्या नाहीत तर मी माझ्याकडच्या पाठवते, व्यनित पत्ता द्या. चहाऐवजी काय, हेही कुणी विचारेल म्हणून लिहिते: भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि गूळ, नाचणी किंवा बाजरीच्या पिठाची पेज, जमलं तर रोज एक उकडलेलं अंडं. शेंगदाणे-गूळ सगळ्या टोळ्यांवर असतात, बारीक कुटून देणं तेवढं सांगावं लागतं.

---

वारणाकाठ

आज संध्याकाळी आमच्या अंगणवाडीच्या ताईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदीचं ॲप) बाहेरगावच्या मुलाची नोंद घेता येते, फक्त मूळ अंगणवाडीतून नाव इकडे वळवून द्यावं लागतं आणि आईच्या आधारचा नंबर लागतो. सध्या आमच्या शिवारात दोन टोळ्या आहेत. सहा वर्षांच्या आतली नऊ मुलं मोजली, दोन बायका गरोदर आहेत. एक टोळी बीडच्या पाटोदा तालुक्यातली आहे म्हणतात. ताई तयार आहेत, मी त्यांना गाडीवरून तळावर नेतो. तिकडच्या अंगणवाडीशी कोण बोलेल?

---

बालाघाट

मी बोलतो. गावांची नावं आणि मुकादमाचा नंबर व्यनि करा, उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी तिकडच्या सेविकांना फोन लावतो. टोळी किती दिवस आहे तेही विचारून ठेवा. शिवार बदलायच्या आत नावं वळली पाहिजेत.

---

कोयत्याचा_पोर

पाटोद्याची टोळी असंल तर मला पण नंबर द्या. ओळखीची माणसं निघतील. बायका अनोळखी माणसाला आधार नंबर देत नाहीत, मी बोलून घेतो.